आत्मविश्वास आधी की उद्योग आधी?

घरी केलेल्या चकल्या, लाडू, लोणची आणि मसाले विकणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्या आजूबाजूला आहेत. कोणी शिवणकाम करते, कोणी ब्यूटी पार्लर चालवते, कोणी पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्या घेऊन बाजार गाठते, तर कोणी शिकवणी वर्ग घेते. यांपैकी एखादीला ‘आपण उद्योजिका आहात का?’ असा प्रश्न विचारला, तर बहुधा संकोचाने उत्तर मिळते, ‘छे हो, घराला आपला थोडासा हातभार!’ वर्षानुवर्षे माल विकत घेणारी, भाव ठरवणारी, गिऱ्हाईक सांभाळणारी आणि उधारी वसूल करणारी ही स्त्री स्वतःच्या कामाला उद्योग म्हणायला तयार नसते.

हा केवळ शब्दांचा प्रश्न असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या संकोचाचे परिणाम प्रत्यक्ष आणि कधीकधी कठोर असतात. घरातील कमावता माणूस आजारी पडतो, कारखाना बंद होतो, आणि कालपर्यंतच्या त्या ‘हातभारा’वर अवघे घर उभे करण्याची वेळ येते. अशा वेळी तिच्याजवळ कौशल्य असते, कष्टांची तयारी असते; पण हिशोबाची वही नसते, बँकेत पत नसते आणि आपण हा धंदा वाढवू शकू, असा विश्वासही नसतो. हा विश्वास कशाने येतो आणि तो नसताना काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

शंका कुठून येते?

अमेरिकेतील पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शिक्षणात आणि व्यवसायात उत्तम यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांच्या अनुभवांवर तो आधारलेला होता. पदव्या, सन्मान आणि सहकाऱ्यांची मान्यता हाती असूनही या स्त्रियांना मनातून वाटत असे की, आपण खरोखर तेवढ्या हुशार नाही. आपले यश नशिबाने किंवा कोणाच्या तरी गैरसमजाने मिळाले आहे आणि एक ना एक दिवस आपले पितळ उघडे पडणार आहे. पुढे लोकांनी या अनुभवाला आजाराचे नाव दिले. त्या दोघींनी मात्र आजार हा शब्द वापरला नव्हता.

हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. आजार म्हटला की दोष त्या व्यक्तीत आहे असे ठरते आणि बाहेरची परिस्थिती सुटून जाते. आपल्याकडील परिस्थिती काय सांगते? २०१३-१४ साली झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातील स्त्रियांच्या मालकीचे व्यवसाय सुमारे ८० लाख ५० हजार आढळले. एकूण व्यवसायांत त्यांचे प्रमाण १३.७६ टक्के होते. त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक व्यवसायांत पगारी कामगार एकही नव्हता. म्हणजे जी मालकीण तीच कामगार. घर वा जमीन स्त्रीच्या नावावर असणे आजही सार्वत्रिक नाही. मग तारण कशाचे द्यायचे? घाऊक व्यापाऱ्यांच्या ओळखी, बाजारातील बोलणी, कचेरीतील खेटे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या वाट्याला आले. ज्या रस्त्याने आपल्या घरातील कोणी स्त्री गेली नाही, त्या रस्त्यावर पाऊल अडखळणे स्वाभाविक आहे. त्याला स्वभावाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

शंका प्रथम किमतीत दिसते

स्वतःविषयीची शंका नेहमीच ‘मला जमणार नाही’ अशा शब्दांत बोलत नाही. पुष्कळदा ती मालाच्या किमतीत लपून बसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक भगिनी दिवाळीसाठी ५ किलो चकल्यांची ऑर्डर घेते. धान्य, तेल, तीळ आणि मसाला मिळून ११०० रुपये, गॅस, दळणावळ आणि पिशव्या मिळून २५० रुपये, असा तिचा खर्च १३५० रुपये होतो. भाजणी भाजण्यापासून चकल्या तळून भरण्यापर्यंत तिचे ८ तास जातात. ती ३२० रुपये किलो भाव सांगते, १६०० रुपये मिळवते आणि ‘२५० रुपये सुटले’ असे समाधान मानते.

हे २५० रुपये नफा नव्हेत. ते तिच्या ८ तासांचे दाम आहेत, तासाला जेमतेम ३१ रुपये. तिने आपल्या श्रमाचे तासाला ७५ रुपये धरले असते, तर खर्चात ६०० रुपयांची भर पडून तो १९५० रुपये झाला असता. म्हणजे नफा धरण्यापूर्वीच किलोला ३९० रुपये. प्रत्येक किलोमागे ती ७० रुपये पदरचे घालत आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही. ‘माझ्या मेहनतीचे काय धरायचे?’ या एका वाक्याने तिने स्वतःला हिशोबातून वगळले आहे.

उधारीचेही तसेच आहे. ओळखीच्या बाईकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही, कारण मनात कुठेतरी वाटते, आपण काही खरे दुकानदार नव्हे. कोणी भाव पाडून मागितला की आपण लगेच उतरतो, कारण गिऱ्हाईक गेले तर दुसरे येईल याची खात्री नसते. म्हणून आम्हाला वाटते की, आत्मविश्वासाचा पहिला धडा वहीत गिरवावा. स्वतःच्या श्रमाचा रकाना हिशोबात आला की भाव सांगताना आवाज आपोआप बदलतो, कारण मागे आधार असतो. चढा भाव ऐकून काही गिऱ्हाइके कमी होतीलही. परंतु जी टिकतील त्यांच्यावर धंदा उभा राहील.

विश्वास कशाने घडतो?

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या विषयावर एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. ‘हे विशिष्ट काम मी करू शकेन’ ही भावना माणसात चार मार्गांनी येते, असे त्याचे प्रतिपादन होते. पहिला मार्ग म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच व्यक्तीला ते काम करताना पाहणे. तिसरा, इतरांनी दिलेला धीर. चौथा, आपल्या शरीराच्या आणि मनाच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. छातीतील धडधड ही भीतीची खूण मानायची की नव्या कामाआधीची नेहमीची लगबग, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

या चौघांत सर्वांत भक्कम पहिला मार्ग. तुलनेने दुबळा तिसरा. आपण मात्र बहुधा उलट करतो. व्याख्याने ऐकवतो, ‘तू करू शकतेस’ असे पुन्हापुन्हा सांगतो आणि टाळ्या वाजवतो. धीराचे शब्द हवेतच. पण त्यांच्यामागून लगेच लहानसे यश आले नाही, तर ते चार दिवसांत विरून जातात. म्हणजेच, आत्मविश्वास आला की उद्योग सुरू करीन, असे म्हणणारी भगिनी पुष्कळ काळ वाट पाहत राहील. झेपेल इतके लहान काम हाती घ्यावे, ते पुरे करावे, त्याची नोंद ठेवावी. विश्वास त्या कामाच्या मागून येतो.

गिरगावातील गच्चीवर

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड तयार झाले आणि ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकले गेले. या भगिनींनी तेव्हा मोठ्या संस्थेचे स्वप्न पाहिले असेल वा नसेल. पापड लाटणे मात्र त्यांना येत होते आणि त्यांनी तेवढ्यापासूनच आरंभ केला.

पहिल्याच वर्षी पावसाळा आला. पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. ‘हा आपला प्रांत नव्हे’ असे म्हणून गाशा गुंडाळायला हे कारण पुरेसे होते. पुढल्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी; पावसातही पापड वाळू लागले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोचलेल्या श्री महिला गृहउद्योगात आज ४५ हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. संस्थापक सदस्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या कथेतील खाट आणि शेगडी आम्हाला फार मोलाची वाटतात. ‘आमच्यात धंद्याची धमक नाही’ हे शंकेचे एक रूप झाले. ‘पावसात पापड वाळत नाहीत’ हे त्याच अडचणीचे दुसरे रूप. पहिल्या रूपाला उत्तर नसते. दुसऱ्याला खाट आणि शेगडी पुरते. मनातील प्रत्येक शंकेला असे विचारून पाहावे की, बाई, तुझी अडचण नेमकी कशाची आहे?

माणदेशातील धडा

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याचे. म्हसवड येथे रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला थोडी थोडी बचत करायची होती; पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि गावातील स्त्रियांनी स्वतःचीच सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. पण अर्जदार स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर असल्याच्या कारणाने तो नामंजूर झाला.

चेतनाताई निराश झाल्या. गावातील स्त्रियांनी मात्र अक्षरे शिकायला सुरुवात केली. दिवसभराचे काम आटोपून त्या वर्गाला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हाला वाचता येत नव्हते, कारण आमच्या लहानपणी शाळाच नव्हत्या. पण हिशोब आम्हाला येतो. कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी करायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. पाहू कोण आधी सांगते! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या स्त्रियांना काही येत नाही, असा निष्कर्ष दुसऱ्यांनी काढला होता. त्यांनी त्यातील खरा भाग, म्हणजे अक्षरओळख नसणे, मान्य करून शिकून घेतला. आणि खोटा भाग तिथल्या तिथे खोडून काढला. टीकेतील खरे-खोटे असे निवडता येणे हीच आत्मविश्वासाची मोठी खूण होय. आपली शक्ती कोणती आणि उणीव कोणती, हे दोन्ही ज्या व्यक्तीला ठाऊक असते, तिला कोणत्याही टेबलासमोर बसताना कमीपणा वाटत नाही.

प्रश्न कसे विचारले जातात

बँकेत वा गुंतवणूकदारापुढे स्त्री बसली की तिला कोणते प्रश्न विचारले जातात, यावर डाना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अभ्यास केला. न्यूयॉर्कमधील नवउद्योगांच्या एका स्पर्धेतील प्रश्नोत्तरे त्यांनी तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीविषयीचे होते: गिऱ्हाइके किती मिळवाल, धंदा किती पसरेल? स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के प्रश्न बचावाचे होते: आहे ते गिऱ्हाईक टिकवाल कसे, तोटा टाळाल कसा? बचावाच्या प्रश्नाला बचावाचेच उत्तर देणाऱ्यांना पैसा कमी मिळाला; त्याच प्रश्नाला वाढीचे उत्तर जोडणाऱ्यांना अधिक.

आपल्या घरातही हेच घडत असते. मुलगा धंदा काढतो म्हणाला की ‘किती मिळेल?’ असे विचारले जाते; सून म्हणाली की ‘बुडाले तर?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एकीला सदैव दुसराच प्रश्न ऐकावा लागला, तर काही वर्षांनी तो तिच्या स्वतःच्या मनाचा आवाज होऊन बसतो. यावर उपाय असा की, दोन्ही उत्तरे वहीत लिहून तयार ठेवावीत. ‘बुडाले तर अमुक इतकेच बुडतील, त्याहून अधिक मी घातलेलेच नाहीत, आणि चालले तर येत्या दिवाळीपर्यंत पाच किलोंचे वीस किलो होतील.’ असे उत्तर ऐकणाऱ्यालाही धीर देते आणि बोलणारीलाही.

एकटीने नव्हे

दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे आपल्यासारखीला पाहण्याचे, महत्त्वही मोठे आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या शेकडो खाणावळवाल्या होत्या. दिवसभर चुलीपुढे राबूनही त्या वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात अडकलेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गट केल्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या स्त्रियांपर्यंत पोचू शकले. सावकाराशिवायही धंदा चालतो, हे शेजारच्या खोलीतील बाईने करून दाखवले, की पुढचीला वेगळे सांगावे लागत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कितीतरी घरे स्त्रियांच्या कमाईवरच तगली, हे येथे आठवावेसे वाटते.

आपल्या गावातील बचत गटांकडेही या दृष्टीने पाहावे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, राज्यात असे गट बांधण्याचे काम करते. गटाचा उपयोग कर्जापुरता नसतो. तिथे भाव विचारता येतो, फसवणूक करणारा व्यापारी कोण हे कळते आणि आपल्याला पडलेली शंका दुसरीलाही पडली होती, हे समजून मन हलके होते.

शंकेलाही ऐकावे

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. सगळ्याच शंका झटकून टाकण्याजोग्या नसतात. ‘मी बाई आहे, मला काय जमणार?’ ही शंका निराधार आहे. ‘या मालाला बाजारात मागणी आहे का? हा हप्ता मंदीच्या महिन्यात भरता येईल का?’ ही शंका हितकारक आहे. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून कर्ज उचलणे, घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे एकत्र ठेवणे, दुसरीने काढले म्हणून तेच दुकान आपणही काढणे यांत आत्मविश्वास नसून घाई असते. पहिली शंका माणसाविषयी असते, दुसरी कामाविषयी. पहिलीला निरोप द्यावा, दुसरीला पाट मांडून बसवावे आणि तिच्याशी आकडेमोड करावी.

आरंभासाठी काही पावले

ज्या भगिनी उंबरठ्यावर उभ्या आहेत, त्यांना आम्ही पुढील गोष्टी सुचवू इच्छितो.

एक, धंद्याची वही वेगळी करावी. तीत कच्चा माल, इतर खर्च, स्वतःचे तास आणि विक्री असे चार रकाने असावेत. तीन महिन्यांनी ती वही वाचावी. आपण काय केले याचा तो पुरावा असतो आणि मन कच खाऊ लागले की पुराव्यासारखा आधार नाही.

दोन, स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडावे आणि धंद्याचे सारे पैसे त्यातूनच फिरवावेत. पुढे कर्ज मागताना हीच नोंद उपयोगी पडते.

तीन, नोंदणी करावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करावी. स्वतःच्या उद्योगाचे नाव छापील कागदावर पाहणे हाही एक संस्कार असतो.

चार, कर्ज लहान घेऊन वेळेवर फेडावे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळते. पहिले लहान कर्ज फिटले की दुसऱ्याविषयीची भीती निम्मी होते.

पाच, महिन्यातून एक तरी काम असे करावे जे पूर्वी कधी केले नव्हते: नव्या दुकानदाराला नमुना दाखवणे, भाव न उतरवता नकार पचवणे, रखडलेली उधारी सौजन्याने पण स्पष्टपणे मागणे.

शेवटी घरातील मंडळींशी दोन शब्द. पती, सासू-सासरे आणि मुले यांनी तिचे कौतुक जरूर करावे. परंतु तिला त्याहून अधिक गरज आहे ती वेळेची. ऑर्डरच्या दिवशी स्वयंपाकघर कोणी सांभाळायचे, मुलांना शाळेतून कोणी आणायचे, हे ठरवून वाटून घेतले, तर तो शंभर शाबासक्यांइतका धीर आहे. आणि कोणी पाहुणा ‘आपण काय करता?’ असे तिला विचारील, तेव्हा तिच्या आधी घाईने ‘ती घरीच असते’ असे उत्तर देऊ नये. ते उत्तर तिला देऊ द्यावे.